तेरा फ्लॉपी आणि एक जुना लॅपटॉप
फ्लॉपीवरून विंडोज ९५ नव्याने बसविताना पाळावयाचा क्रम

माळ्यावरची पेटी उघडावी आणि त्यात तीस वर्षांपूर्वीचा लॅपटॉप सापडावा, असे अनेक घरांत आणि जुन्या कार्यालयांत अजूनही घडते. वीज जोडली की हार्ड डिस्कची घरघर ऐकू येते, पडद्यावर मेमरीची मोजणी होते आणि मग ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नसल्याची एक ओळ उमटून सारे थांबते. यंत्र जिवंत असते. त्याला चालविणारी प्रणाली मात्र हरवलेली असते. अशा वेळी बहुतेकांना सुचणारा उपाय एकच असतो : डिस्क फॉरमॅट करावी आणि सोबतच्या फ्लॉपींवरून सगळे नव्याने बसवावे. उपाय चुकीचा नाही. मात्र तो घाईने, चुकीच्या क्रमाने केला तर जे वाचवायचे तेच कायमचे पुसले जाते.

हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांचा नाही. मराठी वाचकांसाठी त्याला आणखी एक बाजू आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा सॉफ्टवेअरमध्ये टंकित होत असे. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय आली ती विंडोज २००० पासून. त्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत आणि ही मांडणी प्रत्येक उत्पादकाची निराळी असे. परिणामी मूळ फॉन्ट हाती नसेल तर फाईल उघडते, पण पडद्यावर दिसतो तो रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता. त्यातच काही सॉफ्टवेअर चालविण्यासाठी संगणकाच्या पॅरलल पोर्टला एक ‘डाँगल’, म्हणजे एक प्रकारचे कुलूप, लावावे लागे. आजच्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. एखाद्याचा प्रबंध, एखाद्या संस्थेची इतिवृत्ते किंवा दिवाळी अंकाची जुळविलेली पाने पुन्हा वाचायची असतील, तर मूळ यंत्र पुन्हा उभे करणे हाच कधी कधी सरळ मार्ग ठरतो.

फ्लॉपीच का?

१९९३ ते १९९५ या काळातील ४८६ वर्गाच्या लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्ह क्वचितच असे. सीडीवरून संगणक सुरू करण्याची ‘एल टोरिटो’ ही मानक पद्धत जाहीर झाली तीच १९९५ मध्ये. यूएसबीचा तर प्रश्नच नव्हता. ही यंत्रे दोनच ठिकाणांहून सुरू होतात : ‘ए’ म्हणजे फ्लॉपी आणि ‘सी’ म्हणजे हार्ड डिस्क. ‘सी’ रिकामी असेल तर ‘ए’वाचून गत्यंतर नाही. काही लॅपटॉपमध्ये फ्लॉपी ड्राइव्ह आतच असे, काहींत तो वेगळ्या केबलने बाहेरून जोडावा लागे. बाहेरचा ड्राइव्ह त्याच मालिकेच्या यंत्राचा असावा लागतो. आजचा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह येथे निरुपयोगी ठरतो, कारण तो जोडण्यास जागाच नसते.

एमएस-डॉस ६.२२ ही १९९४ ची आवृत्ती तीन फ्लॉपींवर मिळे. २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आलेली विंडोज ९५ फ्लॉपीवर घ्यावयाची तर १३ फ्लॉपी लागत. तिच्यासाठी किमान ३८६ डीएक्स प्रोसेसर, ४ एमबी मेमरी आणि हार्ड डिस्कवर सुमारे ५० ते ५५ एमबी जागा आवश्यक होती. प्रत्यक्षात ८ एमबीहून कमी मेमरीवर ती फार संथ चालते. हाताशी ४ एमबीचे यंत्र असेल आणि जुने काम विंडोज ३.१ वर केलेले असेल, तर डॉस आणि विंडोज ३.१ हाच शहाणपणाचा पर्याय होय.

तेरा फ्लॉपींची मेख

या १३ फ्लॉपी सर्वसाधारण नव्हेत. साडेतीन इंची ‘हाय डेन्सिटी’ फ्लॉपीच्या दोन्ही बाजूंवर प्रत्येकी ८० वर्तुळाकार पट्टे असतात. प्रत्येक पट्ट्यात १८ खंड आणि प्रत्येक खंडात ५१२ बाइट, असा हिशेब केला की १४,७४,५६० बाइट होतात. हीच आपली परिचयाची १.४४ एमबीची फ्लॉपी. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ साठी ‘डीएमएफ’ नावाची मांडणी वापरली. तीत प्रत्येक पट्ट्यात १८ ऐवजी २१ खंड कोंबले जातात आणि तीच फ्लॉपी १७,२०,३२० बाइट सामावते.

संचातील पहिली फ्लॉपी साधी असून उरलेल्या १२ डीएमएफ आहेत. सगळ्यांची क्षमता मिळून साधारण २१ एमबी भरते. साध्या फ्लॉपी वापरल्या असत्या तर १५ लागल्या असत्या. प्रत्येक संचामागे दोन फ्लॉपींची बचत झाली आणि शिवाय डॉसच्या ‘डिस्ककॉपी’ या आज्ञेने त्यांची नक्कल करता येईना, हा दुसरा लाभ. डॉसला या फ्लॉपी वाचता येतात, त्यांवरील फाईलही ‘कॉपी’ आज्ञेने उतरविता येतात. फक्त जशीच्या तशी दुसरी फ्लॉपी तयार होत नाही. खंड दाटीवाटीने बसविलेले असल्याने थकलेला ड्राइव्ह साधी फ्लॉपी वाचतो आणि डीएमएफवर अडखळतो, हेही लक्षात ठेवावे.

आधी यंत्राची तपासणी

मुख्य बॅटरी काढून केवळ ॲडाप्टरवर यंत्र चालवून पाहावे. ॲडाप्टर मूळ नसेल तर व्होल्टेज आणि टोकांची धन-ऋण बाजू यंत्राखालच्या पट्टीवरील आकड्यांशी ताडून घ्यावी. त्यानंतर आतली छोटी बॅटरी पाहावी. तारीख आणि हार्ड डिस्कची माहिती जपणारी ही बॅटरी कधी नाण्यासारखी लिथियमची असते, तर कधी निकेलच्या घटांचा जुडगा असतो. निकेलचे घट कालांतराने गळतात आणि त्यातील क्षार मदरबोर्डवरील तांब्याच्या रेषा खातो. हिरवट-पांढरा थर दिसला तर पुढचे सारे थांबवून जाणकाराकडून आधी तो स्वच्छ करून घ्यावा.

छोटी बॅटरी संपली की यंत्र हार्ड डिस्कची मोजमापे विसरते. ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नसल्याची ती ओळ पुष्कळदा एवढ्यामुळेच उमटते. बायॉसच्या सेटअपमध्ये जाऊन सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे डिस्कवर छापलेले आकडे पुन्हा भरले की विंडोज जशीच्या तशी उघडल्याची उदाहरणे आहेत. फ्लॉपीला हात लावण्यापूर्वी हे करून पाहावे.

फ्लॉपी ड्राइव्हचीही वेगळी दुखणी असतात. काही जुन्या लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये चकती रबरी पट्ट्याने फिरते. हा पट्टा वर्षांनुवर्षांनी सैल पडतो किंवा वितळून चिकट होतो. ड्राइव्हचा दिवा लागतो, पण चकती फिरत नसेल तर संशय पट्ट्यावर घ्यावा. वाचणारे हेड धुळीने माखले असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडविलेल्या कापसाच्या काडीने ते अलगद पुसावे; दाब देऊ नये.

डिस्क पुसण्यापूर्वी

या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना हीच : जुन्या डिस्कची संपूर्ण प्रत हाती येईपर्यंत फॉरमॅटची आज्ञा देऊ नये.

त्या काळातील लॅपटॉपची अडीच इंची आयडीई डिस्क बहुधा ४४ पिनांची असते. ती काढून आयडीई-यूएसबी ॲडाप्टरने आजच्या संगणकाला जोडता येते. फार जुन्या, कमी क्षमतेच्या डिस्क काही ॲडाप्टरना ओळखता येत नाहीत. तेव्हा आयडीई जोडणी असलेला जुना डेस्कटॉप कामी येतो. केवळ ‘माझ्या फाईल’ तेवढ्या उचलू नयेत. डिस्कची खंडागणिक पूर्ण प्रतिमा घ्यावी. कारण मराठी फॉन्ट विंडोजच्या फोल्डरात असतात, सॉफ्टवेअरच्या नोंदी आणखी कोठे असतात आणि आज कचरा वाटणारी फाईल उद्या नेमकी हवी असते. मजकूर आणि फॉन्ट दोन्ही हाती असतील तर पुढे तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करण्याची वाट मोकळी राहते. फॉन्टच गेला तर तो कोणत्या मांडणीतला, हे ओळखण्यापासून सुरुवात करावी लागते.

डिस्कवरील विभागही पाहून लिहून ठेवावेत. काही लॅपटॉपमध्ये यंत्र झोपी जाताना मेमरी साठविण्यासाठी एक छुपा विभाग राखलेला असे. कॉम्पॅकच्या त्या काळातील अनेक संगणकांत तर बायॉसचा सेटअप कार्यक्रमच डिस्कवरील एका लहान विभागात असे. ‘एफडिस्क’ने सरसकट सगळे विभाग उडविले की ही सोयही जाते.

प्रतिमा घेतल्यावर तीच प्रथम आजच्या संगणकावरील इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडून पाहावी. फाईल तेथेच वाचता आल्या तर निम्मे काम तेथेच संपते. डाँगल लागत असेल किंवा यंत्रच पुन्हा चालवायचे असेल, तर पुढे जावे.

जुनी डिस्क खडखड करीत असेल तर तिच्यावर नवी प्रणाली बसविण्यात अर्थ नाही. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड ४४ पिनांच्या ॲडाप्टरवर बसवून डिस्कच्या जागी लावता येते. मात्र त्या काळातील अनेक बायॉसना ५०४ एमबीच्या पलीकडची जागा दिसत नाही, आणि एफएटी १६ या पद्धतीत एका विभागाची मर्यादा २ जीबी असते. म्हणून कार्ड लहान क्षमतेचे घ्यावे. अशा वेळी मूळ डिस्क न पुसता कपाटात सुरक्षित राहते, हा त्याचा मोठा फायदा.

फ्लॉपींची प्रकृती

यंत्रापेक्षा फ्लॉपी आधी दगा देतात. सोनीने जपानमधील फ्लॉपींची विक्री मार्च २०११ मध्ये थांबविण्याचे २०१० मध्येच जाहीर केले होते. आज मिळणारी ‘कोरी’ फ्लॉपीसुद्धा बहुधा जुन्या साठ्यातलीच असते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर चुंबकीय थरावर बुरशी धरते. फ्लॉपीचे धातूचे झाकण बोटाने सरकवून चकती हळूहळू फिरवावी आणि उजेडात पाहावी. पांढरट ठिपके किंवा जाळे दिसले तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये. बुरशी हेडला चिकटते आणि तेच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीला ओरखडे पाडते. एका खराब फ्लॉपीने संपूर्ण संच गमावण्याची वेळ अशीच येते.

चांगल्या दिसणाऱ्या फ्लॉपीच्या कोपऱ्यातील सरकपट्टी अशी ठेवावी, की छिद्र आरपार उघडे राहील. म्हणजे तिच्यावर काही लिहिले जाणार नाही. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून पसरणारे व्हायरस हे त्या काळाचे मोठे दुखणे होते. १९८६ चा ‘ब्रेन’ आणि १९९२ मध्ये जगभर धसका बसविणारा ‘मायकेलअँजेलो’ हे दोन्ही याच वाटेने पसरले. कोणाची तरी जुनी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरून यंत्र सुरू केले तर तीच गोष्ट आजही घडू शकते.

संचातील एखादी फ्लॉपी वाचतच नसेल तर बदली फ्लॉपी तयार करावी लागते. येथे अनेकांची फसगत होते. बाजारात मिळणारे यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह साधारणपणे ७२० केबी आणि १.४४ एमबी एवढेच प्रकार जाणतात. डीएमएफ त्यांना लिहिता येत नाही. डॉसच्या तीन फ्लॉपी त्यांच्यावर तयार होतील, विंडोज ९५ च्या १२ होणार नाहीत. त्यासाठी मदरबोर्डवरच फ्लॉपीची जोडणी असलेला जुना डेस्कटॉप, किंवा ग्रीझवीझलसारखे चुंबकीय स्पंदने थेट हाताळणारे छोटे उपकरण आणि साधा ड्राइव्ह अशी जोडी लागते. दुसरा सोपा मार्ग म्हणजे त्या फ्लॉपीवरील फाईल अन्य मार्गाने थेट हार्ड डिस्कवर नेणे. त्याचा उपयोग पुढच्याच टप्प्यात होतो.

प्रत्यक्ष मांडणी

डॉसची पहिली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालून यंत्र सुरू करावे. सेटअपचा निळा पडदा आला की एफ ३ ही कळ दोनदा दाबून बाहेर पडता येते आणि ‘ए’ची सूचना मिळते. तेथून ‘एफडिस्क’ने प्राथमिक विभाग तयार करून तो सक्रिय करावा. तो सक्रिय करण्यास विसरले तर सगळे बसवूनही यंत्र डिस्कवरून सुरू होत नाही. नंतर यंत्र पुन्हा सुरू करून ‘सी’ फॉरमॅट करावे आणि तिन्ही फ्लॉपींवरून डॉस बसवावे.

आता विंडोज ९५. पहिल्या फ्लॉपीवरून थेट सेटअप चालवून एकामागून एक १३ फ्लॉपी घालीत जाणे, ही पुस्तकातली पद्धत. तिचा धोका असा, की अकरावी फ्लॉपी वाचली गेली नाही तर अर्धवट बसलेली प्रणाली हाती उरते. त्याऐवजी ‘सी’वर विन ९५ नावाचे फोल्डर करून त्यात तेराही फ्लॉपींवरील सर्व फाईल क्रमाने उतरवाव्यात. या फाईल बहुतांशी ‘कॅब’ नावाच्या दाबलेल्या गठ्ठ्यांच्या स्वरूपात असतात. सेटअप त्यांतून हवे ते स्वतः काढून घेते. या पद्धतीत सुमारे २१ एमबी जागा जास्त लागते, पण खराब फ्लॉपी मांडणीपूर्वीच उघडी पडते.

उतरविताना ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल’ हा प्रश्न आला की निराश होऊ नये. ‘रिट्राय’चे ‘आर’ हे अक्षर अनेकदा दाबावे, फ्लॉपी काढून झाकण दोन-चार वेळा सरकवून पुन्हा घालावी, हेड पुसावे. पहिल्या प्रयत्नात न वाचलेला खंड दहाव्या प्रयत्नात वाचला जातो, हा अनेकांचा अनुभव आहे. ‘फेल’ मात्र दाबू नये; फाईल अर्धवट राहते.

सगळ्या फाईल आल्यावर त्याच फोल्डरातून सेटअप चालवावे. प्रारंभी ते स्कॅनडिस्कने डिस्क तपासते, मग प्रमाणपत्रावरील उत्पादन क्रमांक विचारते. संच ‘अपग्रेड’चा असेल तर आधीच्या विंडोजची फ्लॉपी दाखविण्यास सांगते, ती हाताशी ठेवावी.

यापुढचा टप्पा यंत्राचे सुटे भाग ओळखण्याचा. जुने लॅपटॉप येथे हमखास अडकतात. पट्टी पुढे सरकत नाही, डिस्कचा दिवा विझतो. दहा-पंधरा मिनिटे वाट पाहूनही हालचाल नसेल तर यंत्र वीज बंद करून थांबवावे आणि पुन्हा सुरू करावे. कंट्रोल-आल्ट-डिलीट वापरू नये. सेटअप आपली प्रत्येक पायरी एका नोंदवहीत लिहीत असते. कोणता भाग तपासताना ते अडकले हे त्यावरून त्याला कळते आणि ‘सेफ रिकव्हरी’ निवडल्यावर ते तेवढा भाग वगळून पुढे जाते. दोन-तीन वेळा असे करावे लागले तरी ते स्वाभाविकच समजावे.

बसविल्यानंतर

पडद्यावर सोळा रंग आणि जाड चित्रे दिसली तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर हवा असे समजावे. आधी घेतलेल्या डिस्कच्या प्रतिमेत तो असण्याचा संभव मोठा असतो. बाहेर शोधण्यापूर्वी तेथे पाहावे. मराठी फॉन्टही तेथूनच आणावेत आणि कंट्रोल पॅनेलमधील फॉन्टच्या विभागातून बसवावेत. डाँगल असेल तर यंत्र बंद असतानाच लावावे.

फाईल बाहेर नेण्यासाठी साध्या १.४४ एमबीच्या फ्लॉपी चालतात. आजच्या संगणकावर त्या यूएसबी ड्राइव्हने वाचता येतात. लॅपटॉपला पीसी कार्डची खाच असेल तर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड साध्या ॲडाप्टरने तीत बसते आणि विंडोज ९५ ते डिस्क म्हणून ओळखते. हा मार्ग सर्वांत जलद. दोन डॉस यंत्रांमध्ये केबल जोडून फाईल पाठविणारा ‘इंटरलिंक’ हा कार्यक्रमही डॉस ६.२२ सोबतच मिळतो.

या यंत्राला इंटरनेट मात्र जोडू नये. विंडोज ९५ चे सुरक्षाविषयक पाठबळ मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २००१ रोजी संपविले.

पाठबळ संपले तरी मालकी हक्क संपलेला नाही. विंडोज ९५ मुक्त सॉफ्टवेअर नाही. स्वतःचा परवाना आणि संच असणाऱ्यानेच ती बसवावी. ज्यांच्याकडे संच नाही आणि ज्यांना केवळ डॉसवरचे कार्यक्रम चालवायचे आहेत, त्यांच्यासाठी १९९४ मध्ये सुरू झालेला फ्रीडॉस हा विनामूल्य आणि कायदेशीर पर्याय आहे. त्याची केवळ फ्लॉपींवरून बसविता येणारी आवृत्तीही उपलब्ध आहे. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये एमएस-डॉस ४.०० चा मूळ संकेत खुला केला असला, तरी ही सवलत ६.२२ ला किंवा विंडोज ९५ ला लागू होत नाही.

ज्या घरी असा लॅपटॉप आणि फ्लॉपींचा डबा आहे, त्यांनी यंत्र पुन्हा चालविण्याचा विचार नसला तरी एक काम पुढच्या पावसाळ्यापूर्वी उरकून घ्यावे. डिस्कची प्रतिमा घ्यावी, तेराही फ्लॉपींवरील फाईल आजच्या संगणकावर उतरवाव्यात आणि प्रमाणपत्रावरील क्रमांक वहीत लिहून ठेवावा. यंत्र आणखी पाच वर्षांनीही दुरुस्त होऊ शकेल. बुरशी धरलेली फ्लॉपी मात्र तोवर वाचता येईलच, याची खात्री देता येत नाही.